बुढा हिरो अंधारात का शिरतो

पानठेल्यावर कुणीतरी मोबाइलवर नव्या सिनेमाचं ट्रेलर लावतं आणि बाजूचा म्हणतो, "बुढा झाला बाप्पा हा. आता काई दम नाई राह्यला याच्यात." ज्या नटानं पंचवीस वर्षं एकट्यानं पंधरा-पंधरा गुंड लोळवले, तो आता डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन, अर्धवट उजेडात एखाद्या खुनाचा माग काढताना दिसतो. नाचगाणं नाही, हिरोइन नाही, मारामारी सगळ्या सिनेमात दोनदा आणि तीही मिनिटभराची. बघणाऱ्याला वाटतं, मोठी कामं मिळेनाशी झाली म्हणून हे चाललंय.

त्यात थोडं तथ्य आहे. पण तेवढंच असतं तर असे सिनेमे चांगले झालेच नसते, आणि काही तर फार चांगले झालेत. वय झालेल्या ॲक्शन हिरोला गुन्ह्याच्या काळ्या कथेत जे करता येतं ते पस्तिशीच्या नटाला जमत नाही, असं आमचं ठाम मत आहे. त्याचं कारण शरीरापासून सुरू होतं, म्हणून आधी गुडघ्याबद्दल बोलू.

गुडघा आणि गठाण

तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. व्यायामानं तो आवरता येतो, बंद करता येत नाही. त्यातही आधी झिजतात ते झटक्याचे तंतू, म्हणजे उडी, ठोसा, एकदम मागं वळणं यांसाठी लागणारे. दमाचे तंतू बरीच वर्षं साथ देतात. साठीचा शेतकरी दिवसभर डवऱ्यामागं चालतो, पण नाल्यावरून उडी मारायची वेळ आली की वळसा घालून जातो, तो यामुळेच. हिरोचंही शरीर तसंच. दंड भरलेले दिसले म्हणून झटका तेवढाच शिल्लक आहे असं समजू नये.

पायऱ्या उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार येतो. ८० किलोच्या माणसासाठी हा भार २४० ते ३२० किलो होतो. जिनिंगमधली, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातली, कापसाची एक गठाण १७० किलोची धरली तर साधारण दीड ते जवळजवळ दोन गठाणी. नुसतं चालत उतरताना एवढं. भिंतीवरून उडी मारली तर किती, त्याचा अंदाज करा. आणि सिनेमात उडी एकदा मारून भागत नाही. एक लांबून, एक नुसत्या पायांची, एक चेहऱ्याची, आणि प्रत्येकाचे तीन-चार रीटेक. पडद्यावर दोन सेकंद दिसणारी उडी सेटवर दहा-बारा वेळा मारावी लागते. जेवणानंतर, अंग थंड पडल्यावर मारलेली उडी सगळ्यात धोक्याची. स्नायू ओढला गेला की तरुण नट काही दिवसांत उभा राहतो, साठीच्या माणसाला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तोवर सगळं युनिट बसून राहतं.

शरीर तरणंताठं असतानाही क्षणाचा अंदाज चुकतो. २६ जुलै १९८२ ला बंगळुरूत 'कुली'च्या मारामारीत टेबलाचा कोपरा पोटात लागून अमिताभ बच्चन मरणाच्या दारातून परत आले, तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. चाळिशीच्या आतल्या माणसाचं हे झालं. पुढं नजर आणि पाय यांच्यातला हा अंदाज वर्षागणिक मंदावतच जातो.

एकच मारामारी, दोन तऱ्हा

आता एक सीन समोर ठेवू. जानेवारीची रात्र, तालुक्याच्या गावाबाहेर बंद पडलेली जिनिंग. शेडमध्ये गठाणींची थप्पी, एका कोपऱ्यात सरकीचा ढीग. हिरो आत शिरतो. नटाचं वय ६२.

पहिली तऱ्हा नेहमीची. आठ गुंड येतात. हिरो थप्पीवर चढतो, वरून उडी घेतो, हवेत दोघांना लाथा, खाली उतरून बाकीच्यांना ठोसे. यातला ठोसा कसा होतो ते पाहा. मारणारा आणि खाणारा यांच्यात हातभर जागा असते आणि मूठ नाकापुढून वीतभर अंतरावरून जाते. कॅमेरा एकाच्या खांद्यामागं असा लावतात की मधली जागा दिसूच नये. खाणाऱ्यानं मान झटकायची ती मूठ नाकाच्या रेषेत आल्यावर. क्षणभर आधी झटकली की खोटेपणा उघडा पडतो, उशिरा झटकली तर खरंच लागतं. आवाज नंतर स्टुडिओत भरतात.

६२ वर्षांच्या हिरोकडून हे करून घ्यायचं तर सोंगं वाढवावी लागतात. उडी डुप्लिकेट मारतो. हिरो धावत थप्पीच्या मागं जातो आणि पलीकडून त्याच कपड्यांतला डुप्लिकेट बाहेर येतो, मध्ये कट नसतोच. या अदलाबदलीला 'टेक्सास स्विच' म्हणतात आणि नीट केली तर ती कुणाला कळत नाही. हात मंद चालतात म्हणून कॅमेऱ्याचा वेग उतरवतात: सेकंदाला २४ चित्रांऐवजी २२ टिपायची आणि २४ नंच दाखवायची, की हालचाल साधारण ९ टक्के जलद दिसते. २० वर गेलं की चालणं मूकपटासारखं तुरुतुरु होतं, म्हणून त्याखाली सहसा कुणी जात नाही. हवेत तोल सांभाळायला कमरेला पट्टा आणि वरून तार. तार नंतर संगणकावर पुसतात, पण तारेनं उचललेल्या माणसाचं वजन कमरेत असतं, पायांत नसतं. त्यामुळे तो जमिनीवर उतरतो तेव्हा गुडघा पुरेसा वाकत नाही आणि बघणाऱ्याला नेमकं कारण न कळताही काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

शेवटचं हत्यार म्हणजे कात्री. मारामारीचे इतके बारीक तुकडे करायचे की कोण काय करतंय ते पाहायला वेळच मिळू नये. लियम नीसननं २००८ च्या 'टेकन'मध्ये पंचावन्नाव्या वर्षी ॲक्शन हिरो म्हणून नवा जन्म घेतला. त्या सिनेमात कटिंग जलद आहे, पण प्रत्येक फटका कुठून आला ते समजतं. त्याच मालिकेतल्या तिसऱ्या भागात तो तारेच्या कुंपणावरून पलीकडे जातो, एवढ्याशा कामाला सहाएक सेकंदांत डझनभराहून जास्त कट आहेत. कुंपण ओलांडलं हे आपल्याला कळतं, पण त्यानं ते ओलांडलेलं आपण पाहिलेलं नसतं. जे लपवायचं तेच अशानं उघडं पडतं.

दुसरी तऱ्हा. तीच जिनिंग, तोच नट. तो आता निवृत्त ठाणेदार आहे आणि समोर एकच माणूस, वय तीस, जिनिंगचा जुना हमाल. अंधारात दोघांना एकमेकांचा फक्त श्वास ऐकू येतो. पोरगा धावून येतो, म्हातारा ढकलला जाऊन थप्पीवर आदळतो. हाताला गठाण बांधायच्या लोखंडी पट्टीचा तुकडा लागतो. एक वार. पोरगा मांडी धरून खाली बसतो. सगळं मिळून वीस-पंचवीस सेकंद, आणि कट तीन किंवा चार.

खरा सीन यानंतर सुरू होतो. म्हातारा सरकीच्या ढिगावर बसतो. सरकी पायाखालून सरकते आणि तो आणखी खाली घसरतो. उजव्या हाताला कंप सुटलाय, पट्टीनं स्वतःचाच तळवा कापलाय. खिशातून मोबाइल काढायचा तर रक्तानं पडदा ओढल्या जात नाही, अंगठा पँटला पुसून तो पुन्हा प्रयत्न करतो. पोरगा कण्हतोय: "साहेब, मारू नका." इथं दीड मिनिट कॅमेरा हलत नाही. डुप्लिकेट नाही, तार नाही, कात्री नाही. आणि प्रेक्षकानं या चेहऱ्याला तीस वर्षं जिंकताना पाहिलंय. त्या आठवणीमुळेच तो कापरा हात बघवत नाही. नवख्या नटाचा हात थरथरला असता तर तो नुसता कापरा हात राहिला असता.

या तऱ्हेत कष्ट कमी आहेत असं कुणी समजू नये. एका रात्रीत संपणारा सीन असला तरी थंडी १० अंशांवर आलेली असते, आणि साठीच्या माणसाला थप्पीवर एकदाच आदळायचं तरी अर्धा तास अंग गरम करावं लागतं. आदळण्याच्या जागी थप्पीच्या मापाचं, वर बारदाना शिवलेलं फोम ठेवतात. पट्टीचा तुकडा रबराचा असतो. कापसाच्या आवारात ठिणगी अजिबात चालत नाही, म्हणून तापणारे मोठे दिवे बाहेर ठेवून आत एलईडी वापरतात, आणि गोळी सुटायची असेल तर नळीतला जाळ नंतर संगणकावर घालतात.

बहिरा कान, वाकलेली पाठ

वय लपवण्याऐवजी वापरलं की काय होतं, याचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण १९९७ च्या 'कॉप लँड'चं. 'रॉकी' आणि 'रॅम्बो'वाला सिल्व्हेस्टर स्टॅलोन तेव्हा पन्नाशीत होता. त्यानं या सिनेमासाठी सुमारे १८ किलो वजन वाढवलं आणि एका लहान गावच्या सुस्त, एका कानानं बहिऱ्या शेरीफचं काम केलं. गावात राहणारे शहरातले पोलीस त्याला मोजतही नाहीत. शेवटाकडं त्याच्या चांगल्या कानाजवळ गोळी झाडून तोही कान निकामी करतात. त्यानंतरचा सगळा गोळीबार आपण त्याच्या कानानं ऐकतो: दबका, घुमणारा, पाण्याखालून यावा तसा. ज्या माणसाची सगळी कारकीर्द धडाडधूमवर उभी होती, त्याच्या शेवटच्या गोळीबारातला आवाजच दिग्दर्शकानं काढून घेतला. गोळी कुठून येतेय हे त्याला ऐकू येत नाही, फक्त दिसतं, म्हणून आपणही डोळे ताणून बघतो.

जॅकी चॅनचं शरीर म्हणजे एकेकाळी त्याचा सगळा सिनेमा होता, डुप्लिकेट क्वचितच लागायचा. २०१७ च्या 'द फॉरेनर'मध्ये तो लंडनमधला हॉटेलवाला आहे, बॉम्बस्फोटात मुलगी गमावलेला. खांदे पुढं आलेले, पाय घासत चालतो, समोरच्याच्या डोळ्यांत न बघता बोलतो. मारामारी आहे, पण जिन्यावरून तो धडपडतो, लागतं, आणि नंतर एकटा बसून जखमेवर उपचार करतो. क्लिंट ईस्टवूडनं १९९३ मध्येच, साठी ओलांडल्यावर, राष्ट्राध्यक्षांच्या गाडीबरोबर धावताना धापा टाकणारा अंगरक्षक केला होता. ती धाप कथेतच लिहिलेली होती, त्यामुळे कुणी ती लपवायला गेलं नाही.

आपल्याकडं अमिताभनी हा रस्ता दोन टप्प्यांत पार केला. २००४ च्या 'खाकी'त निवृत्तीला टेकलेला, दम लागणारा डीसीपी. मग २००५ चा 'सरकार', ज्यात ते बहुतेक वेळ बसलेले असतात. बशीत चहा ओतून पिणारा तो म्हातारा हात उचलत नाही, कारण त्याच्या नुसत्या बघण्यावर दुसरे हात उचलतात. धर्मेंद्रनी ७१ व्या वर्षी, २००७ मध्ये, 'जॉनी गद्दार'मध्ये बेकायदा धंदे करणाऱ्या टोळीचा म्हातारा म्होरक्या केला. आणि ॲक्शन डायरेक्टर वीरू देवगण यांचा मुलगा अजय देवगण २०१५ च्या 'दृश्यम'मध्ये मार खातो, उलटा हात उगारत नाही. वय तेव्हा ४६, म्हणजे बुढा म्हणायचं नाही, पण युक्ती तीच: प्रेक्षकाला ठाऊक असतं की हा माणूस काय करू शकतो, आणि तो ते करत नाही. तो हिंदी सिनेमा आपल्या निशिकांत कामतांनी केला.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीला, म्हणजे धानाच्या मुलखाला, हे सांगायची गरज नाही. धान निघालं की वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव नाटकं घेऊन जातात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नऊ-दहाला सुरू झालेलं नाटक पार पहाटेपर्यंत. रंगमंचावर कट नसतो, टेक्सास स्विच नसतो. तिथं वय झालेल्या नटाला टाळी घ्यायची तर आवाज, थांबा आणि नजर यांवरच घ्यावी लागते.

प्रश्न बदलला की कथा बदलते

ॲक्शन सिनेमात प्रेक्षकाच्या मनात प्रश्न असतो: हा यातून सुटणार कसा? गुन्ह्याच्या काळ्या कथेत प्रश्न असतो: हा सुटला तर त्याची किंमत कोण देणार? दुसऱ्या प्रश्नाला मागचं आयुष्य लागतं. पस्तिशीच्या इन्स्पेक्टरला जुन्या चुका असून असून किती असतील? साठीच्या ठाणेदारानं वीस वर्षांपूर्वी एखादा पंचनामा बदललेला असू शकतो, एखाद्या पोराला नुसत्या संशयावरून आत टाकून त्याची जिंदगी घालवलेली असू शकते. जिनिंगमधला तो हमाल त्याच पोराचा धाकटा भाऊ निघाला तर कथा आपोआप काळी होते, दिवे मालवावे लागत नाहीत.

तपशील मात्र चोख हवेत, कारण असा सिनेमा बघणारा माणूस एकेक दुवा तपासत बसतो. एक बारीकशी गोष्ट सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं. आजची कथा असेल आणि तरुण पीएसआय "तीनशे दोन लावा" म्हणत असेल तर ती चूक आहे. पण निवृत्त ठाणेदाराच्या तोंडून ३०२ च निघणार, हयात गेली त्याची त्यात. पोरगा म्हणेल, "साहेब, आता एकशेतीन." आणि तपास २००९ सालच्या खुनाचा असेल तर म्हातारा बरोबर ठरतो, कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं. दोन आकड्यांत दोन पिढ्या उभ्या राहतात, त्यासाठी वेगळा संवाद लिहावा लागत नाही. तसंच नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. ठाणेदाराच्या काळी दोन पंच आणि एक कागद पुरत होता. आता शिपाई मोबाइल धरून उभा असतो आणि म्हाताऱ्याच्या सवयीचे सगळे आडमार्ग बंद होतात.

गावाची रात्रही शहरासारखी नसते. रात्री दोनला वावरात एकटा माणूस टॉर्च घेऊन फिरतोय, हे शहरातल्या लेखकाला संशयास्पद वाटेल. हरभरा-गव्हाच्या हंगामात शेतीपंपाची थ्री-फेज रात्रपाळीत असली की अर्धं गाव वावरात असतं. त्या रात्री घरात झोपलेला माणूसच खरं तर विचारात पाडतो. लाइन नेमकी कोणत्या दिवशी, किती वाजता आली, हे अवघ्या गावाला पाठ असतं, म्हणजे साक्षीदारांना वेळ विचारायला घड्याळ लागत नाही. ज्यानं हे रात्रीचं ओलित पाहिलंय तोच हा दुवा लिहू शकेल. अशी एखादी कथा कुणीतरी लिहावी, असं फार मनापासून वाटतं.

अंधार कसा बांधतात

पडद्यावरचा अंधार म्हणजे दिवे बंद करणं नव्हे. नटाच्या चेहऱ्यावर एका बाजूनं मुख्य उजेड आणि दुसऱ्या बाजूनं भरणीचा उजेड असतो. कौटुंबिक सिनेमात हे प्रमाण २:१ च्या आसपास ठेवतात, म्हणजे सावलीची बाजूही नीट दिसते. काळ्या थ्रिलरमध्ये ८:१ किंवा त्याहून पुढं नेतात. कॅमेऱ्याच्या भाषेत उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप, म्हणून ८:१ म्हणजे तीन स्टॉपचा फरक. अर्धा चेहरा जवळजवळ बुडतो.

इथं वयाचा संबंध थेट येतो. समोरून, मोठ्या पांढऱ्या कापडातून गाळून दिलेला मऊ उजेड सुरकुत्या बुजवतो, म्हणून तरुण दिसायचा हट्ट धरणारे नट तो मागतात. बाजूनं दिलेला कडक उजेड प्रत्येक सुरकुतीला सावली देतो. जो चेहरा प्रेमगीतात उघडा पडला असता, तोच आता नांगरलेल्या वावरासारखा तास न् तास वाचता येतो. उजेड डोक्यावरून दिला तर भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते आणि माणूस काय विचार करतोय ते कळत नाही. १९७२ च्या 'द गॉडफादर'मध्ये छायाचित्रकार गॉर्डन विलिसनं म्हाताऱ्या डॉनला असाच उजेड दिला होता.

उजेडाला कारणही असावं लागतं: कंदील, उघडा दरवाजा, गाडीचे दिवे. वावरातल्या सीनमध्ये स्टार्टरच्या डब्यावरचे तीन फेजचे लाल, पिवळा आणि निळा दिवे पुरेत. म्हातारा बटण दाबायला वाकतो आणि तेवढ्यापुरते ते तीन रंग त्याच्या गालावर येतात. त्यातला एक दिवा विझलेला असेल तर गावातल्या कुणालाही कळेल की एक फेज गेला, मोटर चालू केली तर जळेल.

चुकतं ते इथं: कथा उजळ, साधीच, आणि चित्र मात्र काळं. सगळ्या खोल्यांत निळसर काळोख, खिडकीत कायम पाऊस, हिरो काळ्या जॅकेटमध्ये. आणि मध्येच तो स्लो मोशनमध्ये धुरातून एंट्री घेतो, मागं पार्श्वसंगीत गरजतं. त्या एका एंट्रीनं प्रेक्षकाला कळतं की याला काही होणार नाही, आणि पुढचे दोन तास कसली धाकधूक राहत नाही. केसांना गडद कलप, संगणकावर पुसलेल्या सुरकुत्या, निम्म्या वयाची नायिका, ही सगळी त्याच दुखण्याची लक्षणं. नटाला काळी कथा हवी असते, पण हरायचं नसतं. असे सिनेमे पडतात आणि मग लोक म्हणतात, म्हाताऱ्याला थ्रिलर झेपलं नाही.

पैसा कुठून येतो

सिनेमाच्या धंद्यात विदर्भ अजूनही 'सी.पी. बेरार' या जुन्या नावाच्या सर्किटमध्ये मोडतो, आणि अमरावती व भुसावळ ही त्याची वितरणाची जुनी गावं. वितरक निर्मात्याला आपल्या भागासाठी आधीच ठरावीक रक्कम देतो, तिला एमजी म्हणतात, मिनिमम गॅरंटी. सिनेमा चालला तर वरचा पैसा, पडला तर तोटा वितरकाचा. ही रक्कम ठरते ओपनिंगवर, म्हणजे पहिल्या तीन दिवसांत नुसत्या नावावर किती लोक येतील यावर. हिरोचं वय वाढतं, ओपनिंग उतरतं, एमजी उतरते, आणि निर्माता बजेट आवळतो.

थ्रिलर या आवळलेल्या बजेटात बसतो. समजा मोठ्या ॲक्शन सिनेमाला १०० दिवस लागत असतील, तर दोन-चार जागांवर घडणारी गुन्ह्याची कथा ४५-५० दिवसांत होते. गाण्यांचे सेट नाहीत, परदेश नाही, गाड्या उडवायच्या नाहीत. हिरो मानधन कमी करून नफ्यात वाटा घेतो. पूर्वी एवढं करूनही गणित जमत नसे, कारण तालुक्याच्या सिंगल स्क्रीनला रहस्यकथा चालत नाही. खुनी कोण हे शनिवारी बाजारात फुटलं की रविवारचा शो अर्धा. मारामारी आणि गाणी लोक चारदा बघतात, रहस्य एकदाच. ओटीटीनं ही अडचण दूर केली. तिथं माणूस घरी, एकटा, रात्री बघतो, आणि वाचनालयानं पुस्तक विकत घ्यावं तसे प्लॅटफॉर्म हक्क एकरकमी घेतात. अजय देवगण २०२२ मध्ये 'रुद्र' या मालिकेतून, तर सुनील शेट्टी त्याच वर्षी 'धारावी बँक'मधून या बाजूला आले.

प्रमाणपत्राचाही भाग आहे. हिंसा जास्त असली की सिनेमाला 'ए' मिळतं आणि तो तसाच टीव्हीवर दाखवता येत नाही, काटछाट करून पुन्हा 'यूए' घ्यावं लागतं. टीव्हीचे हक्क हा मोठा पैसा, म्हणून निर्माता शूटिंगच्या वेळीच जखमेचा जवळचा शॉट टाळतो. काळ्या थ्रिलरला हे उलट फायद्याचं पडतं. वार दिसला नाही, नुसता आवाज आला आणि म्हाताऱ्याचा चेहरा दिसला, तर भीती वाढतेच.

घरी बघताना

अशा सिनेमाचं निम्मं काम अंधारात असतं आणि तेच आपल्याकडं पोचत नाही. थिएटरच्या पडद्याचा ठरलेला उजेड फार नसतो, पण भोवती मिट्ट काळोख असल्यामुळे काळ्यातला काळा दिसतो. ओसरीत ट्यूबलाइटखाली, किंवा दुपारी वावरात झाडाखाली मोबाइलवर तोच सीन नुसता काळा चौकोन होतो. म्हणून रात्री बघा, खोलीतला दिवा मालवा, फार तर टीव्हीच्या मागं एक मंद बल्ब ठेवा. टीव्हीचं चित्र 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक'वर असेल तर 'मूव्ही' किंवा 'सिनेमा'वर आणा. 'मोशन स्मूदनिंग' नावाची सोय बंद करा, ती चित्रांमध्ये खोटी चित्रं भरून सिनेमाला मालिकेसारखं गुळगुळीत करते. वीज वाचवण्याचा मोडही बंद, तो अंधाऱ्या सीनमध्ये उजेड आणखी उतरवतो. रेंज कमी असली की चित्र दाबून येतं आणि दाबताना सगळ्यात आधी सावल्यांचे चौकोनी ठिपके पडतात. रेंज चांगली असताना मोठ्या दर्जात डाउनलोड करून ठेवणं बरं. आणि इअरफोन लावाच, म्हातारी माणसं या सिनेमांत हळू बोलतात.